ॲम्प बदलू की स्पीकर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माशेलजवळ आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि पुढची लांब वसरी हीच आमची बसायची-ऐकायची जागा. काका बोटीवर होते. त्यांनी नव्वदच्या दशकात आणलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर अजून चालतो. मागच्या पट्टीवर प्रत्येक बाजूला 25 वॅट, 8 ओहम असं लिहिलेलं आहे. त्याचे मूळचे स्पीकर दमट हवेने खाल्ले. गेल्या वर्षी पणजीहून लहान बुकशेल्फ स्पीकर आणले: 4 ओहम, 84 डेसिबल, 100 वॅटपर्यंत चालणारे. दुकानात सुरेख वाजले. घरी आवाज वाढवला की तबला फुटतो, तान कर्कश होते आणि ॲम्पवर हात ठेववत नाही इतका तो तापतो. चवथीला पडवीतही 8 ओहमची एक जोडी जोडली, ए आणि बी दोन्ही बटणं दाबली. रेकॉर्डवरच्या आरतीत घुमट (आमच्याकडचं मातीचं तालवाद्य) सुरू झालं आणि आतून 'टक्' होऊन सगळंच बंद. आता एक शेजारी सांगतात 200 वॅटचा ॲम्प घ्या. देवस्थानच्या समितीतला मित्र म्हणतो, आमचा जुना पीए (लाऊडस्पीकरचा) ॲम्प पडून आहे, घेऊन जा. मडगावचा मावसभाऊ व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पची शिफारस करतो. बाबांना केसरबाई, मोगूबाई, अभिषेकीबुवा ऐकायचे असतात. मला नाट्यपदं आणि थोडं जॅझ. खर्च एकदाच झेपेल. तो कशावर करू?

— एक वाचक, फोंडा तालुका

नमस्कार.

खर्च स्पीकरवर करा. काकांचा ॲम्प ठेवा, त्याची एकदा नीट तपासणी करून घ्या, आणि आत्ताचे लहान स्पीकर विकू नका. त्यांच्यासाठी घरात दुसरी जागा आहे. ती पुढे सांगतो. तिघांपैकी कुणाचाही सल्ला तुमच्या वसरीत लागू पडत नाही. तो का पडत नाही हे कळलं तर पुढे कधी दुकानात उभे राहाल तेव्हा विक्रेत्याच्या बोलण्यावर अवलंबून राहावं लागणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ॲम्प आणि स्पीकरची जोडी वॅट बघून जमवायची ही समजूत फार खोल रुजलेली आहे. स्पीकरवर 100 वॅट आणि ॲम्पवर 25 वॅट दिसलं की वाटतं, ॲम्पच कमी पडतोय. पण स्पीकरवरचा 100 हा आकडा 'याहून जास्त दिलात तर मी जळेन' एवढंच सांगतो. तो स्पीकर किती मोठ्याने वाजेल हे त्यातून कळत नाही. ते कळतं ते तुम्ही पत्रात लिहिलेल्या उरलेल्या दोन आकड्यांतून, 4 ओहम आणि 84 डेसिबल. ते तुम्ही कळवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत फक्त वॅट असतात.

आधी ओहम पाहू. ॲम्प व्होल्टेज देतो, आणि त्या व्होल्टेजला किती करंट ओढायचा ते स्पीकर ठरवतो. 8 ओहमवर 25 वॅट म्हणजे साधारण 14 व्होल्ट आणि पावणेदोन अँपिअर. त्याच 14 व्होल्टला 4 ओहमचा स्पीकर लावला की तो साडेतीन अँपिअर मागतो, म्हणजे 50 वॅटचं काम. तुमच्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर आणि आऊटपुट ट्रान्झिस्टर त्याच्या निम्म्या कामासाठी बसवलेले आहेत. तो तापतो त्याचं कारण एवढंच आहे. शिवाय 4 ओहम हा ठोकळ आकडा. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा ओहममधला अडथळा, प्रत्येक सुराला वेगळा असतो. कुठे तो 20 ओहमवर चढतो, कुठे खाली येतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो सांगितलेल्या आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाता कामा नये. म्हणजे 4 ओहमचा स्पीकर कायदेशीरपणे 3.2 पर्यंत उतरू शकतो. काही कंपन्या तीही मर्यादा पाळत नाहीत.

चवथीच्या दिवशी काय झालं तेही यातच आलं. बहुतेक ॲम्पमध्ये ए आणि बी एकदम दाबले की दोन्ही जोड्या समांतर जोडल्या जातात. 4 आणि 8 ओहम समांतर म्हणजे 2.67 ओहम. तेवढ्यावर आरतीतलं घुमट आलं. त्याच्या भरीव खालच्या ठोक्याला एका क्षणात मोठा करंट लागतो. ॲम्पमधल्या संरक्षक रिलेने, म्हणजे धोका दिसताच आपोआप उघडणाऱ्या स्विचने, स्पीकरची जोडणी तोडली, तोच तुम्ही ऐकलेला 'टक्'. ॲम्प बिघडला नव्हता. उलट त्या यंत्राने तीस वर्षांनंतरही स्वतःला वाचवलं, आणि तुमच्या स्पीकरांनाही. पुढच्या चवथीला पडवीत वेगळा, स्वतःचा ॲम्प पोटात असलेला पॉवर्ड स्पीकर लावा. ए आणि बी एकत्र पुन्हा दाबू नका.

आता 84 डेसिबल. खरा घोळ इथे आहे. या आकड्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात: स्पीकरला 2.83 व्होल्ट दिले तर एक मीटरवर किती आवाज येतो. 2.83 व्होल्टच का? तर 8 ओहमवर त्याचा बरोबर एक वॅट होतो. पण 4 ओहमवर तेच 2.83 व्होल्ट दोन वॅट खातात. म्हणजे तुमचा स्पीकर एका वॅटला खरं तर 81 डेसिबलच देतो. कॅटलॉगमध्ये 4 ओहमचे स्पीकर या युक्तीने तीन डेसिबलने देखणे दिसतात.

आणि डेसिबल दिसतात त्याहून महाग असतात. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त तीन डेसिबल, कानाला जेमतेम जाणवेल एवढेच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट.

तुमच्या वसरीचा हिशेब मांडू. अंतर तुम्ही लिहिलेलं नाही. लांब वसरी म्हणता म्हणून स्पीकरपासून बैठकीपर्यंत चार मीटर धरतो. उघड्यावर एक मीटरपासून चार मीटरपर्यंत 12 डेसिबल घटतात. भिंतींमधून परत येणारा आवाज धरून घरात 8 घटतील असं मानू. दोन स्पीकर मिळून 3 डेसिबल परत मिळतात. रमून ऐकताना बैठकीवर सरासरी 77 च्या आसपास आवाज असतो. पण तबल्याची थाप, सुरुवातीचा 'धा', ढोलकीची थाप हे सरासरीच्या 15 ते 20 डेसिबल वर उडी मारतात. ती उडी 95 पर्यंत धरली, तर प्रत्येक स्पीकरने एक मीटरवर 100 डेसिबल द्यायला हवेत.

तुमच्या स्पीकरला 81 वरून 100 वर जायचं म्हणजे 19 डेसिबल चढायचे. त्याला जवळजवळ 80 वॅट लागतात, तेही 4 ओहमवर. 25 वॅटचा ॲम्प ते देऊ शकत नाही. तो प्रयत्न करतो, आणि व्होल्टेजची मर्यादा आली की लहरीचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या माथ्याला धारदार कडा येतात. त्या कडा म्हणजे मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर, आणि ते थेट ट्वीटरकडे, म्हणजे स्पीकरमधल्या वरचे सूर वाजवणाऱ्या लहान भागाकडे जातात. तबला फुटतो आणि तान कर्कश होते ती यामुळे. ट्वीटरची नाजूक कॉइल (तारेचं वेटोळं) थोड्याच वॅटांची असते. स्पीकरवर 100 वॅट लिहिलेलं असलं तरी 25 वॅटचा ॲम्प सतत कापत राहिला तर ट्वीटर जळतो. दुरुस्तीच्या टेबलावर जळलेले ट्वीटर येतात ते बहुतेक लहान ॲम्पच्या घरांतून, आणि मालक प्रत्येक वेळी सांगतो की ॲम्प तर लहानच होता.

आता त्याच जागी 8 ओहमचा, 90 डेसिबलचा स्पीकर ठेवा. 90 वरून 100 म्हणजे 10 डेसिबल, म्हणजे 10 वॅट. तुमच्याकडे 25 आहेत. वर चार डेसिबल शिल्लक राहतात, ॲम्प कोमट राहतो आणि जी तान कर्कश होत होती ती सुटी ऐकू येते. माझा सगळा सल्ला या एका हिशेबावर उभा आहे.

दुकानात तेच लहान स्पीकर सुरेख का वाजले? दुकानाची ऐकायची खोली लहान आणि बंद असते, तुम्ही जवळ बसलेले असता आणि मागे बहुधा दणकट ॲम्प असतो. स्पीकर वाईट नाहीत. लहान खोक्यातून खोल खर्ज काढायचा तर सेन्सिटिव्हिटी गमवावी लागते. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'एच' ज्यांचा, त्या हॉफमन यांनी हे नियमात बसवलं: लहान पेटी, खोल खर्ज आणि भरपूर सेन्सिटिव्हिटी यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तुमच्या स्पीकर करणाऱ्याने पेटी लहान ठेवली, खर्ज मिळवला आणि किंमत म्हणून तुमच्याकडून ॲम्पचे वॅट मागितले. तुमच्या घरात जागा मुबलक आहे, वॅट कमी आहेत. म्हणून तुम्ही उलट निवड करा: पेटी मोठी घ्या.

घेताना हे बघा. 8 ओहम, आणि किमान इम्पीडन्स कुठे छापलेला मिळाला तर तो 6 च्या खाली नको. सेन्सिटिव्हिटी 89 ते 91. वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा कोन, साडेसहा ते आठ इंचाचा. वूफरच्या कडेची गोल पट्टी रबराची असावी, फोमची नको. फोम आपल्या हवेत वर्षानुवर्षे ओल खातो आणि एक दिवस बोट लावलं की भुगा होतो. तुमच्या जुन्या स्पीकरांचं बहुधा हेच झालं असणार. वापरलेले स्पीकर घेणार असाल तर जाळी काढायला लावा आणि ती पट्टी बोटाने हळूच दाबून बघा. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समान ठेवून तो अलगद आत ढकला. खरखर लागली तर कॉइल घासतेय, तो स्पीकर घेऊ नका. मल्टिमीटर जवळ असेल तर तारा काढून ओहम मोजा. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर 6 च्या आसपास दाखवतो, 4 ओहमचा सव्वातीनच्या आसपास. त्यात दोष नाही. मीटर नुसता तारेचा रोध मोजतो, इम्पीडन्स त्याहून जास्त असतो.

दुकानात जाताना काकांचा ॲम्प बरोबर न्या. जड आहे, तरी न्या. तुमच्या ॲम्पवर वाजलेला स्पीकरच तुम्ही घेणार आहात. आणि बाबांना न्या. ऐकायला काय लावायचं याचाही थोडा विचार करा. केसरबाई आणि मोगूबाई यांची जुनी ध्वनिमुद्रणं मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरची. त्यांत वरची मजल फार तर सात-आठ हजार हर्ट्झपर्यंत आणि अगदी खालचा खर्ज जवळजवळ नाही. सगळा जीव मधल्या पट्ट्यात, जिथे गळा असतो. त्यामुळे ज्या स्पीकरचा मध्य सरळ आणि मोकळा, त्यावर केसरबाईंचा तो भरीव, सलग आवाज बाबांना लगेच ओळखू येईल. ज्याने खर्ज आणि चकाकी वाढवून ठेवली आहे त्यावर तबकडीची खरखर पुढे येईल आणि बाई मागे जातील. अभिषेकीबुवांचं नंतरच्या काळातलं मुद्रण लावलंत की तानपुरा ऐका. जवारीची ती मधमाशीसारखी गुंजन हजारो हर्ट्झपर्यंत पसरलेली असते. चांगल्या ट्वीटरवर ती गायकाच्या मागे अखंड पसरून राहते, वाईटावर काचेसारखी किणकिणते. त्यानंतरच तुमचं जॅझ लावा, आणि डबल बासचे सूर एकेक सुटे कळतात की नुसती गुरगुर येते ते बघा.

हे सगळं ऐकून तुमच्या मनात येईल, आहेत ते स्पीकर ठेवून ॲम्पच मोठा घेतला तर? होईल. 4 ओहमवर खरोखरचे 80 ते 100 वॅट आरएमएस (म्हणजे सलग देता येणारे) देणारा, तसं छापलेला ॲम्प घेतलात तर तबला फुटायचा थांबेल. पण 80 वॅट त्या लहान वूफरच्या कॉइलमध्ये घालून त्याला चार मीटरवर लांब वसरीत झुंजायला लावणं मला पटत नाही. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि नेमका मोठ्या आवाजाच्या वेळी जोर कमी होतो. शेजाऱ्यांनी सुचवलेला 200 वॅटचा ॲम्प कुठला आहे तेही पाहायला हवं. पीएमपीओ (क्षणभराच्या जोराचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असेल तर तो आकडा विसरून जा आणि बरोबर आलेला अडॅप्टर बघा. 24 व्होल्ट, साडेचार अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे सगळे मिळून 108 वॅट. त्यातून दोन बाजूंना शंभर-शंभर निघणं शक्यच नाही. शिवाय असल्या लहान डिजिटल ॲम्पचा वॅटचा आकडा अनेकदा 10 टक्के विकृतीवर मोजलेला असतो, म्हणजे तबला फुटून झाल्यावर.

मित्राच्या पीए ॲम्पबद्दल जरा थांबून सांगतो, कारण यात खरा धोका आहे. जत्रेत कर्णे देवळापासून दूर, रस्त्याच्या टोकापर्यंत बांधलेले असतात. एवढ्या लांब तारेत आवाजाचं नुकसान होऊ नये म्हणून या ॲम्पना 100 व्होल्टची लाईन असते. व्होल्टेज जास्त, करंट कमी, म्हणून बारीक तारेतही कमी वाया जातं. विजेच्या उंच मनोऱ्यांवरून जास्त दाबाने वीज नेतात त्यामागचं कारण हेच. प्रत्येक कर्ण्याला लहान ट्रान्सफॉर्मर लावलेला असतो आणि तो 100 व्होल्ट उतरवून घेतो. तुमच्या घरच्या स्पीकरला तसा ट्रान्सफॉर्मर नाही. चुकून 100 व्होल्टच्या स्क्रूवर त्याची तार बसली तर 4 ओहमचा स्पीकर हिशेबाने 2,500 वॅट मागेल. तेवढे ॲम्पकडे नसतात, पण जेवढे असतात तेवढ्यात कॉइल काही सेकंदांत जळते. याच ॲम्पच्या मागे 4, 8 आणि 16 ओहमचेही स्क्रू असतात, त्यावर स्पीकर चालेल. पण बहुतेक पीए ॲम्प मोनो असतात आणि भाषण स्पष्ट ऐकू जावं या हेतूने बनवलेले असतात. कीर्तनाला तो योग्य आहे, देवळातच राहू द्या.

व्हॉल्व्हच्या ॲम्पवर माझा राग नाही. जुळलेल्या स्पीकरवर तो मनापासून गातो. मात्र 84 डेसिबलच्या स्पीकरला तो लावू नका. लहान व्हॉल्व्ह ॲम्प पाच-दहा वॅटचे असतात. त्यांचा स्वतःचा आऊटपुट इम्पीडन्सही जास्त असल्याने स्पीकरचा इम्पीडन्स जिथे चढतो तिथले सूर उठून येतात, जिथे उतरतो तिथले दबतात. एकाच ॲम्पचा स्वभाव दोन स्पीकरवर दोन तऱ्हेचा वाटतो तो यामुळे. नवे 90 चे स्पीकर आले की मावसभावाला सांगा, ॲम्प घेऊन ये, ऐकू. त्याच्या मागे 4, 8, 16 असे वेगवेगळे टर्मिनल असतील. 8 वर जोडायचं. आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवायचा नाही, आतला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

लहान स्पीकरांची जागा राहिली. बाबांची झोपायची खोली असेल, किंवा तुमचं टेबल. दीड मीटरवर बसून ऐकायचं असेल आणि उड्या 90 डेसिबलपर्यंत पुरत असतील तर त्याच स्पीकरला आठ वॅट भरपूर होतात. अंतर कमी झालं की तेच 84 डेसिबल पुरेसे ठरतात आणि त्यांचा खोल खर्ज लहान खोलीत सुखद वाटतो. 4 ओहमला चालतो असं छापलेला एखादा लहान ॲम्प तिथे बसवा.

आता वसरी. कौलारू छत उंच आणि फटींचं, खिडक्या-दारं उघडी. खालचे सूर अशा जागेत साठत नाहीत, निघून जातात. म्हणून तुम्हाला खर्ज बारीक वाटत असेल तर तो ॲम्पच्या बास बटणाने भरून काढायला जाऊ नका. बास 10 डेसिबल वाढवणं म्हणजे त्या पट्ट्यात ॲम्पकडे दहापट वॅट मागणं. त्याऐवजी स्पीकर मागच्या भिंतीकडे सरकवा. चिऱ्याची जाड भिंत खर्ज चांगला परत देते. अर्ध्या मीटरपासून सुरुवात करा, ऐकत ऐकत मागेपुढे करा. लादी कडक असेल तर स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी घाला, टाळीसारखा परत येणारा आवाज कमी होईल. तुम्ही खाली बैठकीवर बसत असाल तर नेहमीचे स्टँड उंच पडतील. ट्वीटर तुमच्या कानाच्या उंचीला यायला हवा, मग स्टँड लहान करा किंवा स्पीकर किंचित पुढे झुकवा. शोकेसच्या काचेवर मात्र ठेवू नका.

तारेवर जास्त खर्च नको, पण फार कमीही नको. वसरीत तार बारा मीटर जात असेल तर दिव्याची बारीक 0.75 चौरस मिलिमीटरची तार जाऊन-येऊन अर्ध्या ओहमहून जास्त रोध घालते. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी घरगुती वायर घेतली तर तो 0.18 च्या आसपास येतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी ती वायर पुरेशी आहे, सोन्याचा मुलामा दिलेल्या दोरखंडाची गरज नाही. आपल्याकडे पावसाळ्यानंतर तांब्याची उघडी टोकं हिरवी पडतात. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ती बोटभर कापून नवी सोला. लाल लालला, काळी काळीला. खात्री नसेल तर दोन्ही तारा ॲम्पकडून काढा आणि दीड व्होल्टच्या सेलचं अधिक टोक एका तारेला, उणे दुसरीला क्षणभर टेकवा. अधिक लाल तारेला असताना वूफर बाहेर यायला हवा, दोन्ही स्पीकरांचा. एकाचा आत गेला तर तो उलटा जोडलेला आहे. खर्ज नाहीसा होतो आणि गायक मधोमध न बसता खोलीभर विखुरतो.

काकांच्या ॲम्पकडे वळू. बोटीवरून आलेलं यंत्र म्हणून आधी मागची व्होल्टेजची पट्टी बघा. निवडायची कळ असेल तर ती 220 किंवा 240 वर आहे ना? जपानमधल्या बाजारासाठी बनलेले 100 व्होल्टचे आणि अमेरिकेसाठीचे 120 व्होल्टचे ॲम्पही गोव्यात अनेक घरी आहेत आणि ते उतरत्या ट्रान्सफॉर्मरवर चालतात. घर बदलताना तो ट्रान्सफॉर्मर विसरला जातो, आणि 230 ला जोडताक्षणी ॲम्प संपतो. तुमचा इतकी वर्षं चाललाय म्हणजे तिथे ठीक असावं, पण घरच्या सगळ्यांना माहीत असू द्या. जाणत्या मेकॅनिककडून मोठे कपॅसिटर तपासून घ्या, व्हॉल्यूमची खरखर साफ करून घ्या, आणि गाणं बंद असताना स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी किती येतो ते मोजायला सांगा. 50 मिलिव्होल्टच्या आत हवा. 100 च्या वर गेला तर आधी दुरुस्ती, मग नवे स्पीकर. संध्याकाळी तुमच्याकडे दाब पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा. 230 चे 190 झाले तर 25 वॅटचे जेमतेम 17 उरतात. आणि जूनआधीच्या गडगडाटात प्लग भिंतीतून काढून ठेवा.

पैसे मोजण्याआधी एक चाचणी घरीच करा, कारण मी अंतर आणि आवाज अंदाजाने धरले आहेत. बाबांना सगळ्यात मोठा हवा असतो तेवढ्या आवाजावर नेहमीचं गाणं लावा. ट्रेबल-बास मधोमध, लाऊडनेस बंद. व्हॉल्यूमला आता हात लावू नका. ॲम्प बंद करून स्पीकरच्या तारा काढा, पुन्हा चालू करा आणि त्याच फोनवरून किंवा प्लेअरवरून 50 हर्ट्झचा, उणे 12 डेसिबलवर मुद्रित केलेला चाचणी-सूर वाजवा. असे सूर नेटवर फुकट मिळतात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. तुमचा ॲम्प ट्रान्झिस्टरचा आहे म्हणून स्पीकरविना हे चालतं, व्हॉल्व्हवर करू नका. आलेल्या आकड्याला चारने गुणा. तबल्याच्या उडीला लागणारं ते व्होल्टेज. समजा 5 व्होल्ट आले, तर 20 लागतात. तुमच्या ॲम्पकडे 14 च आहेत, म्हणून आवाज फुटतो. 90 डेसिबलचा स्पीकर आत्ताच्यापेक्षा सहा डेसिबल वर आहे, त्याला निम्मं व्होल्टेज पुरतं. म्हणजे 10 व्होल्ट, 8 ओहमवर साडेबारा वॅट, आणि ॲम्प निवांत.

मीटर सातच्या आत राहिला तर सगळे पैसे स्पीकरवर घाला. सातच्या वर गेला, तर 90 चे स्पीकर तरीही घ्याच, पण पुढेमागे 8 ओहमवर 50-60 वॅट देणाऱ्या ॲम्पसाठी थोडे बाजूला ठेवा. तारा परत जोडण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर आणायला विसरू नका.